टीव्हीसाठी आणलेली गादी

धामणखेडच्या आमच्या शाळेत बेबी मॅडम गणित शिकवतात. बेबी हे लाडाचं नाव नाही. शाळेच्या दाखल्यावर, पगारपत्रकावर, आधार कार्डावर सगळीकडे बेबी मेहरे असंच आहे. अंजनगाव सुर्जीकडे फुलमळा करणाऱ्या घरातली ही सगळ्यांत धाकटी मुलगी. बारसं करायचं राहून गेलं, घरात सगळे बेबी म्हणत, आणि शाळेत घालायला नेलं तेव्हा वडिलांनी मास्तरांना तेच सांगितलं. नवीन माणूस नावावर हसला की मॅडम त्याच्या आधी हसतात. "पाहून घ्या बाप्पा, चोपन्न वर्षाची बेबी. पुन्हा पाहाले भेटणार नाही."

चोपन्न या आकड्याशी त्यांचं जुनं नातं आहे. तिसरीत असताना त्या पहाटे वडिलांबरोबर शेवंतीच्या टोपल्या घेऊन हर्रासाला, म्हणजे फुलांच्या लिलावाला जात आणि तिथून परस्पर शाळेत येत. एकदा अशाच पेंगत बसल्या असताना मास्तरांनी विचारलं, "सात आठे?" त्या म्हणाल्या, "चोपन्न." मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि वर्ग हसला. पुढे मॅट्रिक होईपर्यंत गावातली मुलं त्यांना 'चोपन्न' म्हणूनच हाक मारायची. "त्या दिवसापासून मी वर्गात हात म्हून वर केला नाही, भाऊ," त्या मला सांगत होत्या. "उत्तर येत असलं तरी नाही. हात खालीच बरा."

मी या शाळेचा लिपिक. अकोल्याहून बी.कॉम. करून इथे लागलो, आता पुढच्या वर्षी निवृत्त होईन. माझ्या टेबलासमोरच आठवीचा वर्ग आहे, मध्ये फक्त एक खिडकी. त्यामुळे बेबी मॅडमचे तास मी इतकी वर्षं बसल्या जागी ऐकले आहेत. जे लिहितो आहे ते त्या खिडकीतून पाहिलेलं आहे.

खिडकीतून बरीच वर्षं एकच दृश्य दिसायचं. मॅडम फळ्यावर गणित मांडायच्या, मागे वळून विचारायच्या, आणि दोन हात वर यायचे. या वर्षी एक जुईलीचा, एक सोहमचा. ही दोघं आठवीतली हुशार मुलं. बाकीचे सगळे बाकाकडे असे निरखून बघायचे की जणू उत्तर लाकडात कोरलंय. मॅडम कोणाला रागवायच्या नाहीत. पण तास संपवून बाहेर आल्या की माझ्या टेबलावरचा तांब्या उचलून पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "एकेचाळीस पोट्टे, अन् शिकवून राहिली मी दोघाइले."

त्याच वर्गात एक टीव्ही होता. चांगला मोठा, भिंतीएवढा वाटावा असा. संस्थेनं दोन वर्षांपूर्वी पाठवला होता. तो बिघडला तर जबाबदारी कोणाची, या एका प्रश्नापायी त्याच्यावरचं प्लॅस्टिक निघालं नव्हतं. आमचे मुख्याध्यापक उद्धव सर फार सावध गृहस्थ. त्यांनी टीव्हीला कापडाचा झगा शिवून घेतला होता. दर दसऱ्याला झगा वर करून टीव्हीला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा आणि झगा पुन्हा खाली. दोन दसरे असे गेले.

मग बेबी मॅडम अमरावतीला प्रशिक्षणाला गेल्या. अशी प्रशिक्षणं जेवणानंतर झोप यावी अशाच वेळी असतात. पण परत आल्या त्या तरतरीत. बसस्टँडवरून घरी न जाता थेट ऑफिसात आल्या.

"भाऊ, मी चुकली!"

"काय झालं? बस चुकली?"

"उत्तर चुकली! तिथल्या सरांनी प्रश्न टाकला. मी ठासून चुकीचं उत्तर देलं. अन् कोणाले समजलंच नाही! बाजूवालीले पन नाही. मग सरांनी दाखवलं, कितीजण चुकले, काहून चुकले. मी बसल्या जागी दुरुस्त झाली. पन्नास वर्षात पयल्यांदा चुकून मजा आली, भाऊ."

मग त्यांनी पिशवीतून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी होती आणि चारही कडांना बारीक अक्षरांत अ, ब, क, ड. प्रत्येक मुलाचं एक कार्ड, प्रत्येकाची नक्षी निराळी. प्रश्न विचारायचा, मुलांनी आपल्याला वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने आपला मोबाईल वर्गावरून सावकाश फिरवायचा. मोबाईल सगळी कार्डं वाचतो आणि कोणत्या उत्तराला किती मुलं, ते उभ्या पट्ट्यांत टीव्हीवर दिसतं. कोणाचं काय आलं ते फक्त शिक्षकाच्या मोबाईलमध्ये. बाजूच्या मुलाला कार्ड बघून काही कळत नाही, कारण त्याची नक्षी वेगळी.

"पोरांले मोबाईल लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "एक माह्या मोबाईल, तुमच्या ऑफिसातलं इंटरनेट, अन् तो झग्यातला नवरदेव."

नक्षी मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून दिली. पुठ्ठा मुलांनी आणला. गावात पुठ्ठा म्हटलं की जुन्या लग्नपत्रिका. घरोघरच्या खुंट्यांना अडकवलेल्या पत्रिका निघाल्या, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि एका शनिवारी एकेचाळीस कार्डं चिकटवून झाली. पुढून काळी नक्षी आणि मागून सोनेरी गणपती. एका मुलाने आपल्याच आईवडिलांची पत्रिका आणली होती. मॅडमनी ती परत पाठवली. "बाप्पा, हे राहू दे घरी. मायनं जपून ठेवलेली हाय."

टीव्हीचा झगा उतरवताना उद्धव सर दारात उभे होते. "मॅडम, काही झालं तर?"

"काही झालं तर मी म्हणन, बेबीनं केलं. लहान पोरगी हाय, सोडून द्या."

पहिल्याच दिवशी गंमत झाली. प्रश्न सोपा होता, पण टीव्हीवर चार पट्ट्या उभ्या राहिल्या, चारही जवळजवळ सारख्या. आता बोलणी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. मॅडम मात्र टीव्हीकडे अशा बघत होत्या की जणू मळ्यात पहिली कळी दिसली.

"अरे वा! ह्या 'क'मध्ये दहा जणं जाऊन बसले. चांगली जागा हाय ती. मीबी जाऊन आली तिथं. पन तिथून निघावं कसं, ते पाहू."

मग त्यांनी 'क' उत्तर कसं येतं ते फळ्यावर करून दाखवलं. म्हणजे चूक नेमकी कुठे होते ते. बाकांवरून हळूहळू "आँ… हाव न!" असे आवाज यायला लागले. कोण चुकलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे कोणाला खाली बघायची गरज नव्हती. मॅडमचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्या दिवशी सांगून टाकला: "मोबाईलमध्ये मले नाव दिसते. पन ते मी कोणालेच सांगणार नाही. हेडसरांले नाही, तुमच्या मायबापाले नाही. मी तुमच्या चुकाची तिजोरी हावो."

त्यानंतर खिडकीतलं दृश्य बदललं. मुलं तासाची वाट पाहायला लागली. मॅडमची हिंमतही वाढली. कधी झेंड्याच्या खांबाच्या सावलीचे दर तासाला मोबाईलवर फोटो काढून कोन मोजायला लावले, कधी चेंडू पडतानाचा व्हिडिओ संथ करून टीव्हीवर दाखवला. चेंडू प्रत्येक उडीला किती कमी उसळतो यावर वर्गात असं भांडण जुंपलं की उद्धव सर धावत आले. मुलं भांडतायत ती गणितावरून, हे पाहून ते दारातच थबकले आणि मला म्हणाले, "भाऊ, हे लिहून ठेवायचं कशात?" मी म्हटलं, "सर, नुसतं पाहून ठेवा."

हे असं छान चाललेलं असताना आमच्या संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांचा फोन आला.

उत्तमराव मोठे शेतकरी आणि त्याहून मोठे व्यापारी. माणूस मनाने वाईट नाही, पण एखादी वस्तू पडून आहे असं त्यांना समजलं की ती हलवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. अमरावतीला संस्थेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे. तिथल्या पालकांनी टीव्ही मागितला होता, आणि धामणखेडचा टीव्ही झग्यात असतो ही जुनी बातमी कुणीतरी त्यांच्या कानावर घातली होती.

उद्धव सरांनी फोनवर सांगायचा प्रयत्न केला. पलीकडून आवाज आला तो मला टेबलापर्यंत ऐकू आला. "वापरून राहिले म्हणता? मग शुक्रवारी पंचायत समितीच्या मॅडम भेटीले येऊन राहिल्या ना तुमच्याकडं? मीबी येतो. त्याइनं भेटीच्या शेऱ्यात लिहिलं की टीव्ही अभ्यासाच्या कामी हाय, तर राहू देऊ. नाही तर संध्याकाळी गाडीत टाकून नेतो. गाडी सोबतच आणतो."

बेबी मॅडमना मी सांगितलं. तांब्या उचलला, पण पाणी प्यायल्या नाहीत. "टीव्ही गेला तर पट्ट्या कशावर दाखवू, भाऊ?" त्या म्हणाल्या. "मोबाईलवर दाखवल्या तर नावं दिसतीन. अन् नाव दिसलं की हात खाली."

ही गोष्ट मुलांपासून लपवायची असं ठरलं होतं. खेड्यातल्या शाळेत असं ठरवलेलं मधल्या सुट्टीपर्यंत टिकतं.

शुक्रवारी मी शाळेत आलो तेव्हा आठवीचा वर्ग चकाचक होता. फळ्याला काळा रंग, दाराला तोरण. एक गोष्ट मला जरा वेगळी वाटली. बाकांच्या तिन्ही रांगा एकमेकांना चिकटवल्या होत्या. मधून चालायला जागाच नाही.

"काय रे सोहम, हे असं काहून?"

"पाहुण्यांले बसाले मागं जागा होते, भाऊ," तो म्हणाला. उत्तर इतकं तयार होतं की मी पुढे विचारलं नाही.

अकरा वाजता उत्तमरावांची गाडी आवारात शिरली. मागे मोकळा हौदा आणि त्यात एक जाड कापसाची गादी पसरलेली, टीव्हीला धक्का लागू नये म्हणून. गादीवर नवीकोरी फुलाफुलांची चादर. मुलं खिडक्यांतून त्या गादीकडे अशी बघत होती, जसं शेजारच्या घरी आलेल्या ॲम्ब्युलन्सकडे बघावं.

पाठोपाठ पंचायत समितीच्या विस्तार अधिकारी चारुता मॅडम आल्या. वयाने तरुण, साताऱ्याकडच्या, बोलणं मऊ. वर्गात गेल्या, मागच्या बाकावर बसल्या. शेजारी उत्तमराव. मी आणि उद्धव सर दारात.

बेबी मॅडमनी पहिला प्रश्न टाकला. कार्डं वर गेली, मोबाईल फिरला. टीव्हीवर एकच पट्टी उभी राहिली, थेट वरपर्यंत. एकेचाळीसपैकी एकेचाळीस बरोबर.

उद्धव सरांनी माझा हात दाबला. उत्तमराव म्हणाले, "वा वा."

बेबी मॅडम मात्र टीव्हीकडे बघतच राहिल्या. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, जरा अवघड. पुन्हा एकच पट्टी. तिसरा, चांगलाच अवघड. पुन्हा एकेचाळीस. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. वर्ग शंभर टक्के बरोबर येतोय आणि त्यांचा चेहरा उतरत चाललाय, हे मला दिसत होतं.

चारुता मॅडमनी हात वर केला. "छानच आहे. मी एक साधा प्रश्न विचारू का मुलांना? गणिताचा नाही." मग हसून म्हणाल्या, "तुम्हाला भाऊ-बहीण मिळून किती? अ म्हणजे एकही नाही. ब म्हणजे एक. क म्हणजे दोन. ड म्हणजे तीन किंवा जास्त."

पहिल्या बाकावरच्या जुईलीचा चेहरा एकदम पांढरा पडला. कार्डं मात्र वर गेली. मोबाईल फिरला. टीव्हीवर एकच पट्टी, थेट वरपर्यंत.

आठवीच्या एकेचाळीस मुलांना प्रत्येकी एकच भावंड होतं.

"अरे वा," चारुता मॅडम म्हणाल्या. "कुटुंब नियोजन फारच चांगलं दिसतंय गावात."

"कायचं नियोजन!" उत्तमराव ओरडले. "तो मागचा पोट्टा बुधाजीचा नातू हाय, त्याले चार बहिणी हायत! मी पाच बारश्याचे पेढे खाल्ले!"

उद्धव सर रुमालाने कपाळ पुसत होते. यंत्र खोटं, प्रात्यक्षिक खोटं, असाच शेरा पडणार हे उघड होतं. आणि गादी बाहेर पसरलेलीच होती.

बेबी मॅडम पहिल्या बाकापाशी गेल्या. जुईलीच्या उजव्या हातात कार्ड होतं. डावा हात ओढणीखाली होता, आणि त्या ओढणीखाली शेजारच्या मुलीचाही हात होता. मॅडमनी ओढणी हळूच बाजूला केली. जुईलीने शेजारणीची दोन बोटं घट्ट धरून ठेवली होती.

मॅडम बघत राहिल्या. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. हसता हसता बाकाला धरून उभ्या राहिल्या.

"अरे बाप्पा! बैलबाजार करून राहिले का माह्या वर्गात!"

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एकमेकांचा हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा करतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन. भोवती गर्दी असली तरी आत काय चाललंय ते कोणाला कळत नाही. बुधाजी हे त्या बाजारातले जुने दलाल, आणि त्यांचा नातू आठवीत मागच्या बाकावर. मुलांनी आदल्या दिवशी त्याच्याकडून हे शिकून घेतलं होतं. एक बोट अ, दोन बोटं ब, तीन क, चार ड. उत्तर जुईलीने काढायचं आणि हातोहात मागपर्यंत पोचवायचं. मुलींनी ओढणीखालून, मुलांनी बाकाखालून. त्यासाठीच बाकं चिकटवली होती. भावंडांच्या प्रश्नाला काय करायचं ते कोणाला सुचलं नाही. जुईलीला एक भाऊ, तिने सवयीने दोन बोटं दाबली, आणि अख्खा वर्ग तिच्या घरात जन्माला आला.

"कोणाचं डोकं हे?" मॅडमनी विचारलं.

सोहम उभा राहिला. मग जुईली. मग मागचा नातू. मग सगळाच वर्ग उभा राहिला.

"मॅडम, तुमचा टीव्ही जाईन म्हून," जुईली म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "सगळे बरोबर आले तर राहीन, असं वाटलं."

बेबी मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी ओढणी नीट करून तिच्या खांद्यावर ठेवली.

"टीव्ही जाऊ दे न, माय. पन मले सांग, सगळ्याइले सगळंच येत असलं, तर मी कायले येऊ इथं? शेवंतीच तोडत बसन मळ्यात." मग त्या मागे चारुता मॅडमकडे वळल्या. "साहेब, तुमी पाहिलं ते खोटं होतं. मघाचे तिन्ही प्रश्न पन. ते लिहा तुमी शेऱ्यात, मी नाही म्हणत नाही. पन मले दहा मिनिटं देता का? बाकं लांब करून?"

चारुता मॅडम म्हणाल्या, "बाकं मीही सरकवू लागते."

बाकं लांब झाली. हात सुटले. आणि मग बेबी मॅडमनी एक गोष्ट केली, जी सावध माणसाने कधी केली नसती. पिशवीतून एक जास्तीचं कार्ड काढलं आणि उत्तमरावांच्या हातात दिलं.

"दादासाहेब, तुमीबी. जे वाटते ते अक्षर वर. बोलाचं नाही, बाजूले पाहाचं नाही."

उत्तमरावांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मागच्या गणपतीला आधी नमस्कार केला.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं: झेंडूचा भाव आधी वीस टक्के वाढला. मग नव्या भावावर वीस टक्के उतरला. आता भाव पहिल्यापेक्षा कसा? अ, जास्त. ब, तेवढाच. क, कमी. ड, सांगता येत नाही.

उत्तमराव हसले. अर्धं आयुष्य व्यापारात घालवलेला माणूस. त्यांनी कार्ड ताडकन वर केलं. मुलं मात्र वेळ लावत होती. कोणी बोटाने बाकावर आकडे काढत होतं, कोणी छताकडे बघत होतं, एकाने कार्ड चारदा फिरवलं. मोबाईल वर्गावरून फिरला.

टीव्हीवर चार पट्ट्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत उंच होती 'ब'. 'क' तिच्या निम्मी. 'अ' आणि 'ड' खाली थोडी थोडी.

"आता वर्ग दिसून राहिला माह्या!" बेबी मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या. "साहेब, हे लिहा. अर्ध्याहून जास्त वर्ग चुकला. पाहा किती जणं 'ब'मध्ये जाऊन बसले! भरलेली यष्टी झाली."

मुलं हसली. चारुता मॅडम पुढे येऊन टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. उत्तमरावांनी मान वाकडी करून पट्ट्या पाहिल्या, हातातलं कार्ड पाहिलं, पुन्हा पट्ट्या पाहिल्या.

"कावो बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "माह्यं बरोबर आलं का?"

"ते मी कोणाले सांगत नसते, दादासाहेब."

"अवो, मलेच माह्यं सांगाचं!"

"पोरं सोडवून राहिले न आता. बसा अन् पाहा. समजते."

संस्थेच्या अध्यक्षांना असं उत्तर देणारं माणूस मी माझ्या नोकरीत दुसरं पाहिलं नाही. उद्धव सरांनी डोळे मिटून घेतले. उत्तमराव दोन क्षण उभे राहिले आणि मग, काय करणार, बसले.

मॅडमनी एका मुलाला फळ्यापाशी बोलावलं. बुधाजीचा नातू गेला. तो कधी फळ्यापाशी गेलेला मी पाहिला नव्हता. "शंभर धरू?" त्याने विचारलं. "धर." शंभराचे वीस टक्के वीस, भाव झाला एकशे वीस. "आता उतरव." त्याने खडू थांबवला. "मॅडम, आता वीस टक्के कायचे? शंभरचे का एकशेवीसचे?"

"तू सांग."

"नव्या भावावर म्हटलं न तुमी." त्याने लिहिलं. एकशे वीसचे वीस टक्के चोवीस. उरले शहाण्णव. आणि तो स्वतःच मोठ्याने ओरडला, "अबे! चार गेले!"

वर्गात एकदम कल्ला झाला. त्या कल्ल्यात जुईली उभी राहिली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "मॅडम! मी 'ब' धरलं होतं! बोटं धरून असते तर मी सगळ्याइले बुडवलं असतं!"

तिचं नाव मॅडमनी सांगितलं नव्हतं. तिने स्वतःच सांगितलं, आणि तेही हसत. मग सोहम म्हणाला, "मीबी ब." मग तिसरा, मग चौथी. थोड्या वेळाने तर मुलं आपली चूक अशी सांगायला लागली, जशी पोळ्याला आपल्या बैलाची शिंगं दाखवतात. बेबी मॅडम त्या कल्ल्यात उभ्या होत्या आणि त्यांनी मोबाईल पदराने झाकून धरला होता. तिजोरी उघडी पडू नये म्हणून.

या गोंधळात मागच्या बाकावरून एक जाड आवाज आला. "आमीबी ब."

सगळे वळले. उत्तमराव कार्ड हातात घेऊन उभे होते. "चाळीस वर्षं व्यापार केला," ते म्हणाले. "भाव चढला तेवढाच उतरला म्हणून किती लोकांची समजूत काढली असन मी. तुमी बसा, बाई. नाही, तुमी कायले बसता, मीच बसतो. अजून एक टाका."

मॅडमनी अजून एक टाकला. मग अजून एक. तास केव्हा संपला ते मला कळलं नाही, आणि घंटा देणारा शिपाईही दारात उभा राहून उत्तर शोधत होता, त्यामुळे घंटाही झाली नाही.

चारुता मॅडमनी भेटीचा शेरा माझ्याच टेबलावर बसून लिहिला. पहिला अर्धा भाग बैलबाजाराचा होता. त्यांनी काही लपवलं नाही. शेवटी लिहिलं की टीव्ही अभ्यासाच्या कामी पूर्णपणे वापरात आहे आणि या वर्गात मुलं निर्धास्तपणे चुकतात. 'निर्धास्तपणे' हा शब्द त्यांनी खाली रेघ मारून लिहिला. भेटीच्या शेऱ्यांच्या वहीची पानं मी वर्षानुवर्षं नीट लावत आलो, पण त्यात चुकण्याबद्दल असं कौतुकाने लिहिलेलं हे पहिलंच.

शेरा वाचायला द्यायच्या आधीच उत्तमराव गाडीपाशी पोचले होते. ड्रायव्हर विचारत होता, "साहेब, टीव्ही?"

"कायचा टीव्ही? तो तर शाळेत हाय." मग ते बेबी मॅडमकडे वळले. "बाई, अमरावतीच्या शाळेले हे पुठ्ठे जमतीन का?"

"पुठ्ठा कोणत्याबी माध्यमात चालते, दादासाहेब. लग्नपत्रिका जमा कराले सांगा."

"मग पुढच्या शनिवारी या. गाडी पाठवतो."

"मी येते. पन पुढं बसन," मॅडम म्हणाल्या. "गादीवर नाही."

गाडी वळली. मागच्या हौद्यात गादी होती तशीच पसरलेली. फुलाफुलांच्या चादरीवर आता आठवीच्या मुलांनी वाटेत खायला म्हणून दिलेल्या पेरूंची एक टोपली होती, आणि ती पडू नये म्हणून ड्रायव्हरने गादीचा कोपरा तिच्याभोवती नीट दुमडला होता.

बेबी मॅडम ऑफिसात आल्या. तांब्या उचलला आणि या वेळी सगळा रिकामा केला.

"मॅडम, एक विचारू?" मी म्हटलं. "त्या शेवटच्या प्रश्नाला दादासाहेबांचं काय आलं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्याकडे बघतात.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमाले एक कार्ड बनवून देऊ का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ते होतं. क्रमांक त्रेचाळीस. मागे कोणाच्या तरी लग्नाचा सोनेरी गणपती. आठवीचा गणिताचा तास लागला की आता मी खिडकी उघडतो आणि कार्ड धरतो. मॅडम मोबाईल जरा लांबवर फिरवतात. माझी किती उत्तरं बरोबर येतात ते मला माहीत आहे, आणि त्यांना. अजून तरी कोणाला कळलेलं नाही.